करंजाची फांदी आणि मावशीचा विश्वास

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात : वय २८, पुण्यात नोकरी. कॉलेजपासूनचा सात जणांचा ग्रुप दरवर्षी डिसेंबरात दोन गाड्या काढून कोकणात जातो. गेल्या वर्षी ताम्हिणी घाटातून कोलाड आणि तिथून दिवेआगर असा बेत होता. राफ्टिंगला पैसे कशाला घालवायचे, म्हणून एका मित्रानं पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या आणि सगळे कुंडलिका नदीत उतरले. जॅकेट कुणाकडेच नव्हतं. सकाळी नदीचा तळ दिसत होता. अर्ध्या तासात पाणी वाढलं आणि हिची ट्यूब उलटली. हिला पोहता येत नाही. दहा-बारा मिनिटं करंजाच्या वाकलेल्या फांदीला धरून राहिली. एक मित्र कमरेला दोरी बांधून आत आला आणि त्यानं बाहेर काढलं. घरी कुणालाच सांगितलं नाही. ग्रुपवर त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे, मागे गाणं लावलेला, आणि सगळे अजून त्यावर हसतात. यंदा पुन्हा तोच बेत आहे. या वेळी १९ वर्षांचा मावसभाऊही येणार आहे. मावशी म्हणते, "तू आहेस ना बरोबर, मग मला काळजी नाही." मैत्रीण विचारते : माझी भीती कशी घालवू? नाही म्हटलं तर ग्रुपचा विरस होईल, मावशीला सांगितलं तर मित्रांशी गद्दारी होईल. की मीच बाऊ करतेय?

---

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात 'अचानक' हा शब्द चार वेळा आलाय. पाणी अचानक वाढलं, ट्यूब अचानक फिरली, अचानक सगळं हातातून गेलं. भीतीबद्दल नंतर बोलू, आधी या शब्दाबद्दल बोलते. त्या सकाळी जे झालं ते तुला अचानक वाटलं, पण नदीसाठी ते रोजचंच होतं.

ताम्हिणीकडे जाताना मुळशीचा तलाव लागतो. तुम्ही नक्की तिथे थांबून फोटो काढले असणार. ते पाणी मुळा नदीचं. मुळा वाहते पूर्वेला, पुण्याकडे. पण धरणात अडवलेलं हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून आणि मोठ्या नळांतून पश्चिमेला, खाली कोकणात भिऱ्याला सोडतात. १९२७ पासून तिथे त्यावर वीज तयार होते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला होता. त्यात बुडालेल्या गावांची गोष्ट फार मोठी आहे, आज ती बाजूला ठेवते. विजेचं काम झालं की हे पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून तर डिसेंबरात आणि भर मे महिन्यातही कोलाडला राफ्टिंग चालतं. आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी ही नदी भरते, कारण तिचं पाणी आभाळातून नाही, वीजकेंद्रातून येतं.

तू लिहिलंयस, "आम्ही पोचलो तेव्हा नदीवर एकही राफ्ट नव्हती, म्हणून आम्ही खूश झालो, गर्दी नाही म्हणून." हे वाक्य वाचून मी थांबले. राफ्ट नव्हती कारण राफ्टवाले पाणी सुटायची वाट बघत वर थांबले होते. त्यांना पाण्याची वेळ माहीत असते. तुम्हाला जी उथळ, शांत, तळाचे गोटे दिसणारी नदी आवडली, ती खरी नव्हेच, त्या दिवशीची नदी अजून आलीच नव्हती. तुम्ही सात जण तिच्या वाटेत बसून होतात.

यात कुणी तुम्हाला फसवलं नाही. काठावरच्या टपरीवर कुणालाही विचारलं असतं, "पाणी कधी येतं?", तर उत्तर मिळालं असतं. ज्या नदीवर वरच्या अंगाला धरण, बंधारा किंवा वीजकेंद्र आहे, तिथे हा एक प्रश्न विचारल्याशिवाय पाय ओला करू नये. आपल्याकडे अशा नद्याच जास्त. "पाऊस नाही, मग काय होतंय?" हा पुण्या-मुंबईकडच्या माणसाचा हिशेब तिथे चालत नाही. आणि पावसाळ्यात तर नदीसुद्धा लागत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. उभी राहिली तेव्हा पाणी खेळण्याइतकंच होतं. काठावर माणसं होती, पण कुणाला काही करता आलं नाही.

आता तुझी भीती. ती कशी घालवू, असं तू विचारतेस. मला वाटतं, तू दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंयस. एक भीती तुला शॉवरखाली चेहऱ्यावर पाणी आलं की गाठते, श्वास अडकतो. ती त्रास देणारी आहे, तिच्यावर उपाय करायला हवा, त्याकडे येते. दुसरी, यंदाच्या बेताचा मेसेज वाचून तुझ्या पोटात आलेला गोळा. ती घालवू नकोस. सात जणांत त्या नदीबद्दल खरी माहिती असलेली तू एकटी आहेस. बाकीच्यांकडे फक्त व्हिडिओ आहे.

तू लिहितेस, "सातपैकी चौघांना पोहता येतं, म्हणून तसा धोका नव्हता." ते चौघे तलावात पोहायला शिकलेत. तिथलं पाणी जागेवर थांबलेलं असतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ते तुमच्याकडे चालत आलं तरी ढकलतं, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. अशा पाण्यात उत्तम पोहणाऱ्याच्या मनातही पहिली गोष्ट येते ती उभं राहण्याची, आणि तिथेच घात होतो. पाऊल दोन दगडांत अडकतं, मागून पाणी ढकलत राहतं, माणूस पुढे वाकतो आणि कमरेएवढ्या पाण्यात बुडतो. म्हणून वाहत्या पाण्यात पडलंच तर उताणं व्हायचं, पाय पुढे, पावलं पाण्याच्या वर, आणि हातांनी तिरकं काठाकडे सरकायचं. पाणी गुडघ्याच्या खाली आल्याशिवाय उभं राहायचं नाही. हे वाचून कळतं, पण अंगात यायला कुणीतरी काठावर करून घ्यावं लागतं. राफ्टिंगवाले सुरुवातीला जे बोलतात आणि आपण सेल्फी काढत ऐकत नाही, ते हेच असतं.

आणि ट्यूब. मी कृष्णाकाठची. मामाच्या विहिरीत आधी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून पोहायला शिकले, मग ट्यूब मिळाली. ती काळी ट्यूब उन्हात अशी तापायची की मांडीला चटका बसायचा, आणि हवा भरायचं नोजल बरोबर बरगडीला टोचायचं. ट्यूब फार सुंदर गोष्ट आहे, पण विहिरीत. तिला आपण धरून ठेवावं लागतं. जॅकेट आपल्याला धरून ठेवतं, शुद्ध हरपली तरी. वाहत्या पाण्यात ट्यूबमध्ये बसलं की कंबर खाली लोंबते आणि प्रत्येक दगड आधी माकडहाडाला लागतो. वळवायला काही नाही, थांबवायला काही नाही. तुम्ही तर "चुकामूक नको" म्हणून तीन ट्यूबा एकमेकींना बांधल्या होत्या. एक खडकाच्या डावीकडून आणि दुसरी उजवीकडून गेली की त्या दोरीचं काय होतं, ते तू पाहिलंस. तुझी ट्यूब त्यामुळेच उलटली.

पुढचं लिहिताना मला जड जातंय. तू करंजाच्या त्या फांदीबद्दल लिहिलंयस. तिची साल हातात सोलून आली होती, नखांत हिरवं अडकलं होतं, त्या झाडाला तू मनातल्या मनात नमस्कार करतेस. कर. ती फांदी पाण्याच्या वर होती, म्हणून तू आहेस. पण नदीवर काम करणारी माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती पाण्यात पडलेल्या झाडाला. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस जात नाही. पाणी त्याला तिथेच दाबून धरतं. तीच फांदी दोन वीत खाली असती तर तिनं तुला वाचवलं नसतं. मित्र म्हणतात ना, "झाड होतं म्हणून वाचली, काही होत नाही", त्यांना हे माहीत नसावं.

आणि तो, कमरेला दोरी बांधून आलेला. त्याच्या धाडसाला मी कमी लेखणार नाही, त्यानं तुझा जीव वाचवला. पण कमरेला घट्ट बांधलेली दोरी ताणली गेली की पाणी बांधलेल्या माणसाला खाली ओढतं आणि गाठ सोडवता येत नाही. त्या दिवशी तुम्ही एक नाही, दोन माणसं गमावायच्या बेतात होतात. काठावरून दोरी फेकायची असते. दोरी नसेल तर साडी, बांबू, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारणाराही अनेकदा परत येत नाही.

तुझी तक्रार आहे की ते हसतात. मला वाटतं, तू त्या हसण्याचा अर्थ जरा घाईनं लावलायस. ज्याच्या हातात ती दोरी होती, त्याला त्यानंतर झोप लागते का, हे तू कधी विचारलंयस? ज्यानं ट्यूबा आणल्या, त्याला? पंचविशी-तिशीतली मुलं "मी फार घाबरलो होतो" असं एकमेकांना सांगत नाहीत, गाणं लावून व्हिडिओ करतात. तू स्वतःही त्या व्हिडिओखाली हसण्याचा इमोजी टाकलास, तूच लिहिलंयस. तुझ्यासारखेच आणखी दोघं-तिघं असतील, सगळे एकमेकांकडे बघून हसताहेत. हा माझा अंदाज आहे, खोटाही ठरेल. पण ग्रुप तुटेल हे गृहीत धरण्याआधी एकदा पडताळून बघ.

आता काय करायचं ते.

गप्प राहून जायचं आणि भावावर लक्ष ठेवायचं, हा तुझ्या मनातला पहिला पर्याय. तुला पोहता येत नाही. तू त्याच्यावर लक्ष ठेवशील म्हणजे फक्त बघशील. हा पर्याय खोडून टाक.

दुसरा, आयत्या वेळी "मला बरं नाही" म्हणून घरी राहायचं. हा त्याहून वाईट. तू सुटशील, तो जाईल, आणि मावशीला वाटत राहील की ताईचे मित्र आहेत म्हणजे ताई असल्यासारखंच.

ट्रिपच रद्द करायला लावणं, याची गरजच नाही. दिवेआगरचा समुद्रकिनारा, उकडीचे मोदक, रात्रीच्या गप्पा, यातल्या कशानं तुझं काही बिघडवलेलं नाही. नदीलाही वगळायला नको. त्याच कुंडलिकेत पोहता न येणारी माणसं रोज सुखरूप उतरतात, कारण अंगात जॅकेट असतं, डोक्यावर हेल्मेट, राफ्टवर मार्गदर्शक आणि सोबत मदतीसाठी कयाकवाला, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतला माणूस. पाणी सुटल्यानंतर, पाण्याबरोबर. सात-आठ जणांत विभागलं तर पैशांचाही फार प्रश्न नाही. गेल्या वर्षी ट्यूबा, टेम्पो आणि नंतर तुझ्या खांद्याचा एक्स-रे, याचा हिशेब तुम्ही मांडला नसेल.

तेव्हा ग्रुपवर नाही, ट्यूबवाल्या मित्राला एकट्याला फोन कर. मेसेज नको, मेसेजला तो विनोदानं उत्तर देईल. काय बोलायचं ते सुचत नाही म्हणतेस, तर असं काहीतरी म्हण : "गेल्या वर्षी मी बुडत होते. मी ते हसण्यावारी नेलं, ती माझी चूक. अजून मला चेहऱ्यावर पाणी घेववत नाही. तुझ्यावर राग नाही. पण ट्यूबा घेऊन मी पाण्यात येणार नाही आणि माझ्या भावालाही येऊ देणार नाही. राफ्टिंग करायचं असेल तर बुकिंग मी करते." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं 'नको' म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो, काम अंगावर घेणाऱ्याशी फारसा घालता येत नाही. बुकिंग करताना विचार की जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं मिळेल का, कयाक सोबत असतो का, पाणी किती वाजता सुटेल. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांग. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, बदलून घ्यायचं. आदल्या रात्रीची दारू सकाळी अंगात असेल तर त्या माणसानं काठावर बसावं, इथे मित्र म्हणून सूट देऊ नका.

मामाच्या विहिरीवर एक रीत होती. मुलं पाण्यात असली की एक मोठं माणूस काठावर बसायचं, कपड्यांनिशी, शेजारी दोरीचं वेटोळं. त्याला पाण्यात यायला कितीही बोलावलं तरी ते यायचं नाही. तुमच्यासारख्या प्रत्येक ग्रुपनं ही रीत घ्यावी. धबधबा असो, तलाव असो, समुद्र असो, एक जण काठावर, हातात दोरी, आणि मोबाइल खिशात कोरडा. ११२ लावायची वेळ आली तर फोन करणारा कुणीतरी कोरडा लागतो. आणि दुसरी एक गोष्ट आधीच ठरवून टाका : एकानं जरी "मला ठीक वाटत नाही" म्हटलं तरी कुणीच उतरायचं नाही, आणि कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की लाज वाटते, आणि लाजेपोटीच तर तू गेल्या वर्षी ट्यूबवर बसलीस.

मित्र ऐकेलच असं नाही. "तू ये किंवा नको येऊ, आम्ही जाणार" असं तो म्हणू शकतो. मग तुला वाईट वाटेल, आणि मी त्यावर काही फुंकर घालू शकणार नाही. तेव्हाही पाणी किती वाजता येतं एवढं त्याला सांगून ठेव.

मावसभावाला मात्र आधी सांग, मावशीच्याही आधी. तो १९ वर्षांचा आहे, त्याच्या पाठीमागे त्याच्या आईशी बोललीस तर तो तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. त्यानं तो व्हिडिओ पाहिलाय आणि त्याला तीच मजा हवीय. व्हिडिओ सुरू होतो तू बाहेर आल्यावर. त्याच्या आधीची बारा मिनिटं कुणीच चित्रित केलेली नाहीत, ती फक्त तुला माहीत आहेत. ती त्याला सांग. सालीसकट, नखांसकट. उपदेश करू नकोस, घडलं तेवढंच सांग.

आणि मग मावशी. गद्दारीचा प्रश्न इथे अडतोय ना? मित्रांचं कुठलं गुपित आहे हे? बुडत होतीस तू. ही गोष्ट तुझी आहे आणि ती कुणाला सांगायची हे तू ठरवायचं. मावशीनं "तू आहेस ना" म्हटलं, तेव्हा तिच्याकडे अर्धीच माहिती होती. त्या अर्ध्या माहितीवर तिनं पोराला तुझ्या हाती दिलंय. उरलेली अर्धी तिला न देता तू त्याला गाडीत बसवू शकत नाहीस, आणि हे तुलाही माहीत आहे, म्हणूनच तर तू पत्र लिहिलंस. ती आधी ओरडेल. "वर्षभर बोलली नाहीस?" म्हणेल, मग रडेल, मग कदाचित तुझ्या आईला फोन लावेल आणि तुला घरीही ऐकून घ्यावं लागेल. म्हणून आईला त्याच संध्याकाळी तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल.

शॉवरखाली श्वास अडकतो, त्याचं राहिलं. वर्ष होत आलं, अजून कमी झालेलं नाही, तर समुपदेशकाकडे जा. अशा प्रसंगानंतर असं होणं नवीन नाही आणि उपचारांनी ते सुटतं. त्यांनी हो म्हटल्यावर पोहायला शीक. एकटीनं नाही, महापालिकेच्या तलावावर, शिकवणाऱ्या बाईंच्या बॅचला. पहिल्याच दिवशी त्यांना घडलेलं सांग. पहिले काही दिवस नुसतं कठड्याला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि फुंकर मारून बुडबुडे सोडायचे, एवढंच असतं. लहान मुलं शेजारी तेच करत असतात. पुण्यात डिसेंबरातलं पाणी फार गार असतं. मार्चमध्ये नाव घाल.